पहिला नग चोख

मूठ वळ बघू. अंगठा आत नको, बाहेर ठेव. हां, अशी. आता ती मूठ छातीशी धर, जराशी डावीकडे. तुझं हृदय साधारण एवढंच आहे. मूठ सैल सोड, पुन्हा आवळ. सोड, आवळ. थोड्याच वेळात हात भरून येईल आणि तू म्हणशील, पुरे झालं आता. हृदयाला मात्र पुरे म्हणायची सोय नाही. तो एक कष्टाळू स्नायू आहे. साऱ्या अंगाला रक्त पुरवतो, पण त्याच्या स्वतःच्या वाटणीचं रक्त त्याच्या अंगावरून जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून यावं लागतं. त्यातली एखादी वाहिनी बुजली, की तिच्या पलीकडचा स्नायू उपाशी पडतो आणि मरायला लागतो.

आता डोळे मिट आणि एका कारखान्याची कल्पना कर. पत्र्याचं उंच छप्पर, मधोमध भट्टी, भट्टीच्या तोंडातून येणारा नारिंगी उजेड. भिंतीला टेकून ठेवलेल्या लोखंडी फुंकनळ्या. एक माणूस नळीचं टोक भट्टीत घालून वितळलेल्या काचेचा गोळा उचलतो, नळी तोंडाला लावतो आणि फुंकतो. गोळा फुगतो. नळी तो सारखी फिरवत राहतो, कारण हात थांबला की मऊ काच एका अंगाला ओघळते. पुन्हा तापवतो, पुन्हा फुंकतो. शेवटी नळीच्या टोकाला प्रयोगशाळेतला गोल चंबू तयार होतो. लहान चंबू हल्ली यंत्रं करतात. कलिंगडाएवढे मोठे चंबू मात्र त्या कारखान्यात अजून तोंडानंच फुंकले जात, आणि ते एकाच माणसाला जमत. त्याला सगळे वस्ताद म्हणत.

वस्तादांना एक मुलगी होती. भट्टीतून ठिणगी उडाली की बाकीची पोरं मागे सरायची, ही पुढे जायची. म्हणून तिचं नाव पडलं ठिणगी. शाळा सुटली की ती कारखान्यात यायची आणि तिथं तिला एक खरंखुरं काम होतं. ते समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तापलेली काच बाहेरून आधी गार होते, आतून नंतर. आतली काच मागाहून आकसते तेव्हा ती बाहेरच्या काचेला ओढते, आणि ती ओढ काचेतच अडकून राहते. असा चंबू दिसतो अगदी देखणा. पण एखाद्या दिवशी कुणी त्यात नुसतं गरम पाणी ओतलं तरी तडकतो. म्हणून फुंकलेला चंबू लगेच बाहेर ठेवत नाहीत. दुसऱ्या, मंद भट्टीत ठेवून त्याला हळूहळू निवू देतात. नीट निवला की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी कोपऱ्यात एक दिवा होता. दिव्यापुढे दोन काळपट पडदे असे बसवलेले, की दोन्हींतून मिळून उजेड पार होत नसे. दोन पडद्यांच्या मध्ये काच धरायची. काच चोख असेल तर अंधार तसाच राहतो. काचेत ताण असेल तर तिथं रंगांचे पट्टे पेटतात. त्याला सगळे ताणाचा दिवा म्हणत.

अगदी लहान असताना ठिणगी ते पट्टे बघून टाळ्या पिटायची. "बाबा, हा बघा किती छान!"

"छान कसला? हा तडकणार आहे," बाबा म्हणायचे. "या दिव्यापुढे जो सगळ्यांत सुंदर दिसतो ना, तोच सगळ्यांत वाईट."

आणि एक रीत होती. ठिणगीच्या आजोबांनी घालून दिलेली. मंद भट्टीतून एक खेप बाहेर काढली की त्यातला पहिला नग दिव्यापुढे धरायचा. तो चोख निघाला तर सगळी खेप चोख. एकाच भट्टीत, एकाच वेळी निवलेले नग, मग एकेक कशाला बघत बसायचं? "पहिला नग चोख" ही त्या घरातली म्हणच झाली होती. ठिणगीला पहिल्या चाचणीत चांगले गुण पडले तेव्हा काका म्हणाले होते, "पहिला नग चोख! आता वर्षभर अभ्यासाला सुट्टी." आईनं त्यांच्याकडे असं बघितलं, की ते निमूटपणे चहा प्यायला लागले.

ज्या दुपारी ते घडलं, तेव्हा वस्ताद मोठा चंबू फुंकत होते. घामानं निथळत होते, पण भट्टीपुढे कोण निथळत नाही? डावा खांदा ते सारखा झटकत होते. काका म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. ते भट्टी सांभाळायचे. त्यांचं लक्ष गेलं.

"दादा, तोंड का पांढरं पडलंय तुझं? बस जरा."

"नळीवर काच आहे."

"असू दे. टाकून दे."

"वा रे वा! टाकून दे म्हणे. चिमटा आण, मान ओढायचीय."

वस्तादांनी चंबू पुरा केला. मान ओढली, कड गुळगुळीत केली, चंबू आपल्या हातानं मंद भट्टीत ठेवला, दार लावलं. मग तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसले. ठिणगी दप्तर घेऊन आत आली तेव्हा ते तसेच बसले होते.

"छातीवर कुणीतरी बसलंय गं," ते म्हणाले आणि हसायला गेले. हसू काही आलं नाही.

इस्पितळात त्यांची बुजलेली वाहिनी तारेनं उघडली आणि आत जाळीची नळी बसवली. पण एक चंबू पुरा होईपर्यंतचा वेळ निघून गेला होता, आणि तेवढ्या वेळात हृदयाचा एक तुकडा उपाशी राहिला होता.

तिथल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाई करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. सकाळ-संध्याकाळ परिचारिका येऊन रक्त काढून न्यायची. ठिणगीला ते आवडत नसे. तिनं एकदा बाईंना सरळ विचारलं, "दुखलंय बाबांच्या छातीत, मग सुई हातात का टोचता?"

आई म्हणाली, "ठिणगे, गप्प बस." पण बाई स्टूल ओढून बसल्या.

"हृदयाच्या स्नायूत ट्रोपोनिन नावाचं एक द्रव्य असतं. स्नायू धड असला की ते आतच असतं. स्नायूच्या पेशी फुटल्या की ते रक्तात सांडतं. हात काय नि छाती काय, रक्त सगळीकडे एकच. त्यात ते किती सांडलंय यावरून आत किती मोडतोड झाली, त्याचा अंदाज येतो."

"आणि आता ते कमी होतंय?"

"होय. कालपेक्षा बरंच कमी आहे."

"म्हणजे बाबा बरे होतायत!"

"नाही, म्हणजे नवी मोडतोड थांबली आहे. घरात चोर शिरले होते, ते निघून गेले. चांगलीच गोष्ट आहे. पण म्हणून नेलेलं सामान परत आलं असं होतं का?"

ठिणगीनं मान हलवली. नाही.

"स्नायूचा काही भाग मेलाय," बाई म्हणाल्या. त्यांनी आवाज खाली आणला नाही. खोटं बोलणारी माणसं आवाज खाली आणतात, हे ठिणगीला ठाऊक होतं. "तो परत येणार नाही. तिथं व्रण धरेल. पण त्याच्या शेजारचा काही भाग मेलेला नाही, नुसता बधिर झालाय. पायाला मुंग्या आल्यावर पाय कसा आपला वाटत नाही, तसा. तो जागा होऊ शकतो. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर त्या भिंतीवर जोर पडता कामा नये. कच्ची भिंत ताणली गेली तर पातळ होते आणि फुगत जाते."

"ताणली हे कळणार कसं? दिसत तर नाही."

"त्यालाही रक्तच. हृदयाची भिंत ताणली की ती स्वतःच एक वेगळं द्रव्य रक्तात सोडते. नाव लांबलचक आहे, आम्ही बीएनपी म्हणतो. जितका ताण, तितकं ते जास्त."

"म्हणजे ताणाचा दिवा!"

बाईंना कळेना. खाटेवरून वस्ताद हळूच हसले. "आमच्या घरची भाषा आहे, बाई. बरोबर समजलीय ती."

घरी सोडताना बाईंनी बजावलं: जड उचलायचं नाही, फुंकनळीला हात लावायचा नाही, मीठ कमी, आणि सांगितल्या दिवशी रक्त तपासायला यायचं. दोन्ही तपासण्या.

घरी माणूस कसा असतो, तुला माहीत आहे का? ज्यानं आयुष्यभर उभ्यानं काम केलं त्याला खुर्चीत बसवलं, तर तो खुर्चीलाही सुखानं राहू देत नाही. वस्तादांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आईनं भाज्या चिरल्या तर म्हणाले, तुकडे सारखे नाहीत. आई शिवणकारखान्यात दिवसभर मशीन चालवून आलेली असायची. ती म्हणाली, "अहो, उद्यापासून तुम्ही चिरा. काचेसारखे चिरा."

कारखान्यात मोठ्या चंबूंची मागणी अडून राहिली होती. काका स्वतःच नळी घेऊन फुंकून बघत. काका संध्याकाळी येत आणि दारातच उभे राहून चपला काढत, आत यायला लाजल्यासारखे.

"जमलं का?" वस्ताद विचारायचे.

"जमला. भोपळा जमला. देठासकट."

दोघं हसायचे. मग काका गेल्यावर वस्ताद बराच वेळ आपल्या तळव्यांकडे बघत बसायचे. तळव्यांवरचे घट्टे मऊ पडत चालले होते.

रक्त तपासायच्या दिवशी आईला सुट्टी मिळाली नाही. ठिणगी बाबांबरोबर गेली. परिचारिकेनं एकाच सुईनं दोन नळ्या भरल्या. खिडकीतल्या माणसानं ट्रोपोनिनचा निकाल त्याच दुपारी हातात दिला. दुसरी नळी मोठ्या प्रयोगशाळेत जाते, तो म्हणाला, परवा निकाल घ्या आणि मग डॉक्टरांना भेटा.

हातातला कागद वस्तादांनी पायऱ्यांवरच उघडला. आकडा अगदी निरोगी माणसाच्या आकड्याइतका खाली आला होता. त्यांनी तो ठिणगीला दाखवला आणि केवढ्यातरी दिवसांनी त्यांचा आवाज भट्टीवरच्यासारखा मोठा झाला.

"पहिला नग चोख!"

"बाबा, दुसरा राहिलाय अजून."

"अगं, एकाच हातातलं रक्त. एकाच सुईतलं. एकच खेप ना ती?"

डॉक्टरीणबाईंचे चोर तिला आठवले. पण तिनं स्वतः किती खेपा अशाच पार केल्या होत्या, पहिला नग बघून! आजोबांची रीत होती ती. आणि बाबा इतके खूश होते.

"आईला सांगायचं, सगळं ठीक आहे," पायऱ्या उतरताना वस्ताद म्हणाले. "परवाचं काढू नकोस. उगाच जीव टांगणीला लावून घेईल ती. काय? शहाणी आहेस ना माझी?"

संध्याकाळी आईनं विचारलं. ठिणगी म्हणाली, "सगळं ठीक आहे." आई भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मग तिनं डोळे पुसले आणि जेवायला वाढलं.

परवाच्या दिवशी वस्ताद इस्पितळात गेले नाहीत. कारखान्यात गेले.

भट्टीपुढे त्यांना बघून सगळ्यांनी चिमटे एकमेकांवर आपटून दणका उडवला. काका तेवढे गोंधळले. "दादा, डॉक्टरांनी हो म्हटलं?"

"रक्त म्हणालं, आणखी कोण पाहिजे?"

भट्टीवर काम करणारी माणसं घाम फार जातो म्हणून पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पितात. त्यांच्यासाठी ते बरंच असतं. वस्तादांचा तांब्या नेहमी ठिणगीच भरून द्यायची, मीठ टाकून, ढवळून. तिनं तो पूर्वीसारखाच भरून दिला. डॉक्टरीणबाईंचं मिठाचं बोलणं तिला भाजीपुरतं वाटलं होतं. अशक्त हृदयाला मीठ आणि पाणी दोन्ही जड जातात, ती अंगात साचून राहतात, हे तिला कळायला अजून अवकाश होता.

एकदा इस्पितळातून फोन आला. "हो हो, येतो की," वस्ताद म्हणाले. "जरा कामात आहे." आणि फोन खिशात टाकला.

मग एकेक गोष्ट ठिणगीला दिसायला लागली. बाबा मोजे काढायचे तेव्हा घोट्याच्या वर खोल वळ उमटलेला असायचा. बुटांच्या नाड्या ते आता बांधत नव्हते, नुसत्या आत खोचायचे. जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरच्या भेगा बघायचे, जणू त्या आज पहिल्यांदाच दिसल्या. आणि ते खुर्चीत झोपायला लागले.

"अहो, खुर्चीत कसली झोप लागते?" आईनं विचारलं.

"कमरेला बरं पडतं."

आई ठिणगीकडे वळली. "ठिणगे, त्या दिवशी नक्की काय सांगितलं होतं गं? सगळं ठीक, असंच ना?"

बाबा खुर्चीतून बघत होते. रागानं नाही. विनवून बघत होते. मोठा माणूस लहान मुलाकडे असा बघतो, तेव्हा मुलाच्या पायाखालची जमीन सरकते.

"हो," ठिणगी म्हणाली. "सगळं ठीक."

पहिल्यांदा ती बोलली तेव्हा तिला ते जवळजवळ खरं वाटलं होतं. या वेळी मात्र आपण खोटं बोललो, हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती कारखान्यात आली तेव्हा बाबा पोत्यांवर पाठ टेकून डोळे मिटून पडले होते. श्वास वरवर चालला होता. ओठांचा रंग तिला आवडला नाही. ती शेजारी बसली आणि त्यांच्या नडगीवर हलकेच अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी तिथं खळगा राहिला. तिनं स्वतःच्या पायावर दाबून बघितलं. तिच्या पायावर काहीच राहिलं नाही. बाबांच्या पायावरचा खळगा अजून तसाच होता.

इतक्यात काकांनी हाक मारली. "ठिणगे, चल, खेप निवलीय! दादाची परतीची खेप!"

मंद भट्टीचं दार उघडलं होतं. आत वस्तादांनी फुंकलेले मोठे चंबू ओळीनं बसले होते. काकांनी पहिला तिच्या हातात दिला. तिनं दिव्यापुढे बसून तो पडद्यांच्या मध्ये धरला. अंधार. कुठं रंगाचा टिपूसही नाही.

"पहिला नग चोख!" काका ओरडले. "भरा रे खोकी!"

ठिणगी उठली नाही. अंगठ्याच्या टोकाला तिला अजून तो खळगा जाणवत होता.

"काका, दुसरा द्या."

"दुसरा? कशाला? चोख आहे की."

"द्या ना."

काकांनी नवल करत दिला. तिनं तो दिव्यापुढे धरला आणि काच पेटली. पिवळे, जांभळे, निळे पट्टे, तळापासून मानेपर्यंत. कारखान्यातली सगळी माणसं जागच्या जागी थांबली. तिसराही तसाच. त्याच्या पुढचा आणखी रंगीत. इतके सुंदर पट्टे तिनं आजवर पाहिले नव्हते.

"असं कसं?" काका म्हणाले. "एकाच भट्टीत होते! भट्टी मी स्वतः बघितलीय, दादा, माझी चूक नाही."

वस्ताद भिंतीला धरत धरत तिथवर आले होते. त्यांनी पहिला चंबू एका हातात घेतला, शेवटचा दुसऱ्या हातात. तोलून बघितलं.

"भट्टीची चूक नाही," ते म्हणाले. दोन शब्द झाले की त्यांना श्वास घ्यावा लागत होता. "पहिल्याला... दम पुरला. तो नीट फुगला, पातळ झाला. पुढच्यांना पुरला नाही. भिंती जाड राहिल्या. जाड काच... तेवढ्या वेळात निवत नाही."

त्या सगळ्या काचेत वस्तादांचा श्वास भरलेला होता आणि तो चंबूगणिक कमी होत गेला होता. दिव्यापुढे तो सगळ्यांना दिसला.

ठिणगीनं चंबू खाली ठेवला.

"काका, बाबांच्या रक्ताची दुसरी तपासणी आम्ही आणलेलीच नाही. ताणाची. पहिलीच बघितली नुसती. आईलाही माहीत नाही."

काकांनी भावाकडे बघितलं. त्यांच्या तोंडून शिवी निघाली असती, पण समोर पोर होती. "दादा," ते एवढंच म्हणाले.

"चल," वस्ताद म्हणाले. त्यांनी बूट घालायला पाय पुढे केला. ठिणगी खाली बसून नाडी बांधायला लागली. पाय इतका सुजला होता, की नाडीची दोन टोकं एकमेकांना पुरत नव्हती.

इस्पितळात तो आकडा त्यांची वाटच बघत होता. फार मोठा होता. नव्यानं काढलेल्या रक्तात तर त्याहून मोठा निघाला. मग छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर हृदय बघितलं. तू मघाशी मूठ आवळत होतास ना? आता अशी कल्पना कर, की चार बोटं आवळतायत आणि एका बाजूला नुसती सैल पिशवी आहे, ती आवळायच्या ऐवजी बाहेर फुगतेय. पडद्यावर तसं दिसत होतं.

डॉक्टरीणबाई याही वेळी स्टूल ओढून बसल्या. अंगात साचलेलं पाणी औषधानं निघेल, त्या म्हणाल्या. औषधं रोज घ्यायची, आयुष्यभर. त्यानं हृदयावरचा भार थोडा हलका होईल. पण ती भिंत फुगली, ती फुगली.

"तेव्हाच आलो असतो तर?" काकांकडून सगळं कळून धावत आलेल्या आईनं विचारलं.

"बधिर भागातला काही भाग कदाचित जागा झाला असता. किती, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

वस्ताद छताकडे बघत होते. "काच असती तर परत भट्टीत घातली असती. पुन्हा तापवायची, पुन्हा निववायची. ताण जातो सगळा."

"हृदय पुन्हा तापवता येत नाही," बाई म्हणाल्या.

"आणि फुंकणं?"

"नाही."

"थोड्या दिवसांनी?"

"नाही. कधीच नाही."

वस्तादांनी डोळे मिटले. कुणाच्या मरणाची बातमी ऐकल्यावर मिटावेत तसे.

बाहेर बाकावर आई ठिणगीच्या शेजारी बसली. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "दोनदा विचारलं होतं मी तुला," ती म्हणाली. घरी आल्यावर बाबांनी आईला सांगितलं, की पोरीचं तोंड मीच बंद केलं होतं, दोष माझा आहे. आईनं मान हलवली. ठिणगीनंही ऐकलं. काही ओझी मोठ्यांनी लहानांच्या पाठीवर ठेवूच नयेत. पण एकदा ठेवली, की मागून ती नुसत्या शब्दांनी उतरत नाहीत.

ताण असलेले चंबू काकांनी पुन्हा मंद भट्टीत घातले, आणखी सावकाश निववले. ते बाहेर काढायच्या दिवशी वस्तादही कारखान्यात आले. भट्टीपासून लांब, दाराशी त्यांची खुर्ची मांडली होती. फुंकनळीला मऊ तळव्यांनी धरून एक नवा कारागीर गोळा फुगवत होता. गोळा एका बाजूला ओघळला. वस्तादांनी नजर दुसरीकडे वळवली.

ठिणगी दिव्यापुढे बसली. पहिला चोख निघाला. काकांनी तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. तिनं दुसरा घेतला. मग तिसरा. एकेक करत सगळी खेप. एक चंबू पुन्हा तापवताना तडकला होता, तेवढा कमी पडत होता.

मग ती उठली आणि फळीवरून एक चंबू काढून आणला. तो वेगळा ठेवला होता. वस्तादांच्या छातीवर कुणीतरी येऊन बसलं, त्या दुपारचा तो चंबू. त्याला कुणी हात लावत नसे. आईला तर तो डोळ्यांसमोरही नको होता. ठिणगीनं तो दिव्यापुढे धरला. काळा अंधार, कडेपासून कडेपर्यंत. कुठंही, काहीही नाही.

"कसा आहे?" दाराशी बसलेल्या बाबांनी विचारलं.

"चोख."

"असणारच," ते म्हणाले आणि आपल्या पायांकडे बघत राहिले.

कुणी नको म्हणायच्या आत ठिणगीनं तो चंबू खोक्यात बाकीच्यांच्या शेजारी ठेवला, भोवती भुस्सा दाबून भरला आणि झाकण लावलं. मग ती बाबांसमोर जमिनीवर बसली, त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला, मोजा उतरवला आणि नडगीवर अंगठा दाबला. उचलला. बघत राहिली. खळगा अगदीच उथळ होता, हळूहळू भरून आला.

"आज बरा आहे ना?" बाबा म्हणाले. "झालं तर मग. ऊठ."

ठिणगी उठली नाही. तिनं तो पाय अलगद खाली ठेवला आणि दुसऱ्या पायाचा मोजा उतरवायला घेतला.